ॲस्टॅटिनचे गुणधर्म कागदावर कसे मांडायचे : अकरावी-बारावीच्या मुलांसाठी पायरीपायरीने

हॅलोजनच्या, म्हणजे फ्लोरिनच्या कुटुंबातल्या मूलद्रव्यांच्या, धड्यात सहसा नावे पाच असतात आणि शिकवली जातात चार. पाचव्या नावापुढे ‘किरणोत्सारी’ एवढा एकच शब्द लिहून आपण पुढे सरकतो, आणि मुलांना वाटते की या मूलद्रव्यात शिकण्यासारखे काही नाही. मला उलट वाटते. अणुअंक ८५ असलेले ॲस्टॅटिन डोळ्यांना दिसेल एवढे आजवर कोणी पाहिलेले नाही, तरी त्याचा द्रवणांक, उत्कलनांक, घनता सगळे आकडे छापलेले सापडतात. ते आले कुठून? हा प्रश्न विचारायची सवय लावायला दुसरे कुठलेही मूलद्रव्य इतके उपयोगी पडत नाही.

गोव्यातल्या उच्च माध्यमिक विद्यालयांत प्रकल्प किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी ही कृती लिहितो आहे. लागणारे साहित्य शाळेच्या प्रयोगशाळेत असतेच : आयोडिनचे स्फटिक, सिल्व्हर नायट्रेट, पोटॅशियम ब्रोमाइड, पोटॅशियम आयोडाइड, सौम्य नायट्रिक आम्ल, अमोनिया, आलेखाचा कागद, कॅल्क्युलेटर. किरणोत्सारी काहीही लागत नाही आणि मिळवायचा प्रयत्नही करायचा नाही.

आधी वही आखा

तीन रकाने पाडा. पहिल्यात गुणधर्म, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात आकड्याची जात. जात तीनच प्रकारची : ‘मो’ म्हणजे प्रयोगात मोजलेला, ‘ग’ म्हणजे क्वांटम यांत्रिकीच्या गणिताने काढलेला, ‘अं’ म्हणजे शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून पुढे ओढलेला अंदाज. हा तिसरा रकाना म्हणजेच सगळा प्रकल्प. इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यात तो नसतो, म्हणून तिथे मोजलेला आकडा आणि अंदाज शेजारीशेजारी सारख्याच थाटात बसलेले दिसतात.

पहिली ओळ अणुवस्तुमानाची लिहा. तक्त्यात ॲस्टॅटिनखाली कंसात २१० असते. ते सरासरी अणुवस्तुमान नव्हे. सर्वांत जास्त टिकणाऱ्या समस्थानिकाचा (त्याच मूलद्रव्याच्या, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या प्रकाराचा) तो वस्तुमानांक आहे. क्लोरिनचे ३५.४५ आणि हे २१० यांत हा फरक आहे, आणि व्हायवामध्ये तो हमखास विचारला जातो.

पहिली पायरी : चार हॅलोजन हाताने ओळखा

पाचव्याबद्दल अंदाज बांधायचा तर आधीचे चार नुसते पाठ असून भागत नाही. आपल्या किनाऱ्यावर यासाठी फार लांब जावे लागत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १९ ग्रॅम क्लोराइड, ६५ मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइड, १.३ मिलिग्रॅम फ्लोराइड आणि ०.०६ मिलिग्रॅम आयोडिन असते. चारही हॅलोजन एकाच बादलीत.

आगरवाडा किंवा नेरूलच्या मिठागरातले जाडे मीठ घ्या, किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणा. हे मीठ करडे दिसते, कारण त्यात मिठागराची माती असते. चिमूटभर मीठ डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून गाळून घ्या. त्यात सौम्य नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाका, म्हणजे कार्बोनेट असेल तर ते निघून जाईल आणि सिल्व्हर कार्बोनेटचा खोटा अवक्षेप पडणार नाही. मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. घट्ट पांढरा अवक्षेप लगेच पडतो. नळाच्या पाण्यात हा प्रयोग करू नका, त्यात आधीच क्लोराइड असते. हातमोजे घाला, नाहीतर बोटे काळी पडतात आणि आठवडाभर तशीच राहतात.

हेच पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम आयोडाइडवर करा. रंग फिका पिवळा आणि मग पिवळा होत जातो. आता तिन्ही नळ्यांत अमोनिया ओता. क्लोराइडचा अवक्षेप विरघळतो, ब्रोमाइडचा जेमतेम, आयोडाइडचा नाही. आकड्यांत सांगायचे तर विद्राव्यता गुणाकार क्लोराइडपासून आयोडाइडपर्यंत वीस लाखपटीहून जास्त घसरतो. मग सिल्व्हर ॲस्टॅटाइड कसे असेल? ‘आयोडाइडइतके किंवा त्याहून कमी विरघळणारे’ असा तुमचा अंदाज वहीत लिहून ठेवा. तो पुढे कामाला येईल.

आयोडिनला मात्र जास्त वेळ द्या. ॲस्टॅटिनचा तोच जवळचा शेजारी. वॉच ग्लासवर एक स्फटिक ठेवून तो खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. करड्या-काळ्या पृष्ठभागावर धातूसारखी चकाकी दिसते. पुस्तकात अधातू म्हणून शिकलेल्या पदार्थावर ही चकाकी आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण पुढची सगळी चर्चा तिथूनच निघते. मग फ्युम हूडखाली बीकरमध्ये दोन-तीन स्फटिक ठेवून, वर थंड पाण्याचा फ्लास्क ठेवून मंद ऊब द्या. जांभळी वाफ वर जाते आणि फ्लास्कच्या बुडाला बारीक स्फटिक जमतात. उरलेल्या वाफेचा थोडासा अंश पेजेच्या निवळीला लागला तरी ती निळी-काळी होते, मुलांना हे फार आवडते. ब्रोमिनची बाटली मात्र उघडू नका, ती शिक्षकांनी लांबून दाखवलेली बरी.

दुसरी पायरी : द्रवणांक पुढे ओढून बघा, दोनदा

आलेखाचा कागद घ्या. द्रवणांक अंश सेल्सियसमध्ये : फ्लोरिन उणे २१९.६, क्लोरिन उणे १०१.५, ब्रोमिन उणे ७.२, आयोडिन ११३.७.

पहिल्या आलेखात आडव्या अक्षावर आवर्त घ्या : २, ३, ४, ५. प्रत्येक पायरीला वाढ ११८, ९४, १२१ अंशांची. सरासरी १११ धरून सहाव्या आवर्तात गेलात तर उत्तर येते २२५ अंश.

दुसऱ्या आलेखात आडव्या अक्षावर अणुअंक घ्या : ९, १७, ३५, ५३. ब्रोमिन ते आयोडिन १८ अंकांत १२१ अंश वाढले, म्हणजे अंकामागे ६.७. आयोडिन ते ॲस्टॅटिन अंतर ३२. म्हणून वाढ २१५ आणि उत्तर ३२९ अंश.

चार आकडे तेच, दोन्ही रेषा प्रामाणिकपणे ओढलेल्या, आणि उत्तरांत शंभर अंशांचा फरक. छापील तक्त्यांत ३०२ अंश दिसतो, तोही अशाच कुठल्या तरी रेषेवरून आलेला. त्याच्यापुढे ठळक ‘अं’ लिहा.

उत्कलनांकाचे तसेच करा : उणे १८८.१, उणे ३४.०, ५८.८, १८४.४. आवर्तावरून ३०९ येतो, अणुअंकावरून ४०८. जुन्या तक्त्यांत ३३७ असतो. पण १९८२ मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे वायूच्या प्रवाहाबरोबर नळीतून पदार्थ पुढे नेण्याच्या पद्धतीत, ॲस्टॅटिन किती वेळाने बाहेर पडते यावरून सुमारे २३० अंश हा आकडा काढला गेला. आता एखाद्या मुलाने द्रवणांक ३०२ आणि उत्कलनांक २३० असे एकाखाली एक लिहिले तर? पदार्थ वितळायच्या आधी उकळला असा अर्थ होतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकाच पदार्थाचे म्हणून एकत्र मांडता येत नाहीत. २३० चा आकडा दोन अणूंच्या रेणूचे वर्तन धरून काढलेला आहे, हेही त्याच्या शेजारी लिहायला हवे.

रेणूचा प्रश्न इथे मोठा आहे. फ्लोरिनपासून आयोडिनपर्यंत सगळ्यांचे रेणू दोन अणूंचे. आपण गृहीत धरतो की ॲस्टॅटिनही तसेच असेल. २०१३ मध्ये आलेल्या एका सैद्धांतिक अभ्यासाने वेगळे सांगितले : साध्या दाबाखाली घन ॲस्टॅटिनमध्ये रेणू नसतीलच, सुटे अणू धातूसारखे घनाकृती फलककेंद्री जाळ्यात बसतील. तसे असेल तर घनताही बदलते. रेणू धरून ओढलेली घनता घन सेंटिमीटरला सहा ग्रॅमच्या थोडी वर येते, धातू धरून केलेल्या गणितात नऊ ग्रॅमच्या आसपास. आयोडिनची मोजलेली घनता ४.९३ आहे. म्हणून ‘ॲस्टॅटिन काळा घन पदार्थ आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत बेधडक लिहू नका. ‘असावा असा अंदाज आहे, धातूसारखा असण्याची शक्यता गणिते दाखवतात’ असे लिहा. आयोडिनच्या स्फटिकावरची चकाकी आठवलीत तर ही शक्यता खालच्या पायरीवर येणे स्वाभाविक आहे हे पटेल.

तिसरी पायरी : रेषा कुठे टिकते, कुठे तुटते

आता खरे मोजलेले आकडे घेऊ. असे दोन आहेत आणि दोन्ही जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, आयसोल्डे नावाच्या यंत्रणेवर, लेसरच्या मदतीने मिळाले.

पहिला म्हणजे आयनीभवन ऊर्जा, अणूतला एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी, वर्गात आपण आयोनायझेशन एनर्जी म्हणतो ती. इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये फ्लोरिन १७.४२, क्लोरिन १२.९७, ब्रोमिन ११.८१, आयोडिन १०.४५. शेवटच्या दोन घसरणी १.१६ आणि १.३६. तेवढ्याच घसरणीने पुढे गेलात तर ९.१ ते ९.३ मिळेल. २०१३ मध्ये मोजलेला आकडा ९.३१७५१. रेषा टिकली.

दुसरा आकडा इलेक्ट्रॉन आसक्तीचा, म्हणजे अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की किती ऊर्जा बाहेर पडते. फ्लोरिन ३.४०, क्लोरिन ३.६१, ब्रोमिन ३.३६, आयोडिन ३.०६. इथे फ्लोरिनचा आकडा क्लोरिनपेक्षा कमी का, हे तुम्हाला माहीत आहे : लहानशा अणूत इलेक्ट्रॉनांची दाटी. क्लोरिननंतर घसरण ०.२५, मग ०.३०. म्हणजे ॲस्टॅटिनसाठी २.७ च्या आसपास यायला हवे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला मोजलेला आकडा २.४१५७८. घसरण ०.६४, अपेक्षेच्या दुप्पट. इथे रेषा तुटली.

का तुटली ते समजून घ्यायला थोडा वेळ काढा, कारण प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. ८५ प्रोटॉनांच्या ओढीमुळे केंद्रकाजवळून जाताना इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या मोठ्या हिश्शापर्यंत पोहोचतो. अशा वेळी सापेक्षता सिद्धांत बाजूला ठेवता येत नाही. आपण शिकतो की ‘पी’ कक्षकाच्या तिन्ही खोल्या एकाच ऊर्जेच्या असतात. हलक्या अणूंसाठी ते जवळजवळ खरे आहे. जड अणूंत इलेक्ट्रॉनचे फिरणे आणि त्याचे स्पिन एकमेकांत गुंतते आणि त्या खोल्या दोन गटांत फुटतात : एक खाली उतरते, दोन वर चढतात. फुटीमुळे तयार होणारे ऊर्जेतले अंतर फ्लोरिनमध्ये ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, आयोडिनमध्ये ०.९४, आणि ॲस्टॅटिनमध्ये त्याहून बरेच मोठे. ॲस्टॅटिनच्या सहाव्या कवचात ‘पी’चे पाच इलेक्ट्रॉन आहेत, रिकामी जागा एकच, आणि ती वरच्या गटात. वर चढलेल्या जागेत येऊन बसणाऱ्या इलेक्ट्रॉनला मिळणारा फायदा कमी, म्हणून बाहेर पडणारी ऊर्जाही कमी.

या दोन आकड्यांपुढे ‘मो’ लिहिताना वर्षही लिहा. अख्ख्या वहीत सर्वांत भक्कम ओळी याच असतील.

चौथी पायरी : हायड्रोजन ॲस्टॅटाइड, पण मोजपट्टी आधी तपासून

बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते की हायड्रोजन ॲस्टॅटाइडमध्ये ऋण भार ॲस्टॅटिनवर नसून हायड्रोजनवर असतो, म्हणजे नेहमीच्या हॅलोजनच्या उलट. हे स्वतः तपासता येते. मुलिकन पद्धतीत आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन आसक्ती यांची सरासरी म्हणजे विद्युतऋणता, बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता. ॲस्टॅटिन : ९.३२ आणि २.४२ यांची सरासरी ५.८७. हायड्रोजन : १३.६० आणि ०.७५ यांची ७.१८. हायड्रोजन पुढे, दावा सिद्ध, असे वाटते.

इथे थांबा आणि हीच मोजपट्टी आयोडिनला लावा. १०.४५ आणि ३.०६ यांची सरासरी ६.७६. म्हणजे या पट्टीवर आयोडिनसुद्धा हायड्रोजनच्या मागे आहे. पण हायड्रोजन आयोडाइड हा हातात असलेला वायू आहे आणि त्यात ऋण टोक आयोडिनचे आहे. याचा अर्थ, नुसत्या सरासरीवरून ध्रुवता कुठल्या बाजूला आहे ते ठरत नाही. पाउलिंगच्या मापात हायड्रोजन २.२०, आयोडिन २.६६ आणि ॲस्टॅटिन सुमारे २.२ : जवळजवळ बरोबरी. सापेक्षतेचा हिशेब धरून केलेली गणिते हायड्रोजनवर किंचित ऋण भार दाखवतात. वहीत लिहायचे ते एवढे : ‘बंध जवळजवळ अध्रुवीय, ऋण टोक किंचित हायड्रोजनकडे असण्याची शक्यता, ग’. माहीत नसलेल्या पदार्थाला लावायची पट्टी आधी माहीत असलेल्या पदार्थावर लावून बघणे हा नियम रसायनशास्त्राबाहेरही चालतो. प्रदर्शनात ही आकडेमोड फलकावर मोठ्या अक्षरांत लावा.

पाचवी पायरी : अर्धायुकालाचे गणित

ॲस्टॅटिनचा एकही समस्थानिक स्थिर नाही. सर्वांत टिकाऊ ॲस्टॅटिन-२१०, अर्धायुकाल (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) ८.१ तास. वैद्यकात उपयोगाचे ॲस्टॅटिन-२११, ७.२ तास. दुसऱ्या टोकाला ॲस्टॅटिन-२१३ सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपासच टिकते.

सूत्र : उरलेला भाग = (१/२) चा घात (लोटलेला वेळ ÷ अर्धायुकाल). ॲस्टॅटिन-२११ साठी २४ तास टाका. २४ ÷ ७.२ = ३.३३, आणि उत्तर ०.१०. एका दिवसात दहावा हिस्सा, दोन दिवसांत शंभरावा, तीन दिवसांत हजारावा. लक्षात ठेवायला सोपे.

याचा व्यवहारातला अर्थ काढू. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधला के-१३० सायक्लोट्रॉन (कणांना वेग देणारे यंत्र) अल्फा कणांचा, म्हणजे हेलियमच्या केंद्रकांचा, झोत देतो, आणि ॲस्टॅटिन-२११ बनवायला नेमका तोच लागतो. समजा तिथे सकाळी माल तयार झाला, रासायनिक शुद्धीकरण, तपासणी, विमान, मोपा विमानतळाहून पुढचा रस्ता सगळे धरून गोव्यात वापरेपर्यंत दहा तास गेले. उरलेला भाग ०.३८. गोव्यात १०० हवे असतील तर कोलकात्यात २६२ बनवायला हवे. एखादे विमान दोन तास उशिरा सुटले तर काय, हे मुलांना काढू द्या.

सहावी पायरी : कोणी पाहिले का नाही, याचा हिशेब

‘किरणोत्सारी असल्यामुळे दिसत नाही’ हे उत्तर अपुरे आहे. युरेनियमही किरणोत्सारी आहे आणि त्याच्या पट्ट्या बनतात. पूर्ण उत्तर आकड्यांत आहे.

एक ग्रॅम ॲस्टॅटिन-२११ घ्या, कागदावर. अणूंची संख्या : ६.०२२ × (१० चा २३ वा घात) ÷ २११ = २.८५ × (१० चा २१ वा घात). अर्धायुकाल सेकंदांत सुमारे २५,९७०. ०.६९३ ला त्याने भागले की क्षय स्थिरांक मिळतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे सेकंदाला फुटणारे अणू : ७.६ × (१० चा १६ वा घात).

आता एका अणूमागे ऊर्जा. ॲस्टॅटिन-२११ दोन वाटांनी जाते. १०० पैकी ४२ अणू थेट अल्फा कण सोडतात, ५.८७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा, आणि बिस्मथ-२०७ बनतात. उरलेले ५८ आतला एक इलेक्ट्रॉन गिळून पोलोनियम-२११ होतात, आणि ते अर्ध्या सेकंदाच्या अर्धायुकालाने ७.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा अल्फा कण सोडून शिसे-२०७ होते. कुठल्याही वाटेने गेले तरी अणूमागे एक अल्फा. सरासरी ६.७९. ज्यूलमध्ये बदलून सेकंदाला फुटणाऱ्या अणूंनी गुणले की उत्तर येते सुमारे ८३,००० वॉट.

एका ग्रॅममध्ये ८३ किलोवॉट, म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे चाळीसेक गिझर एकदम चालू केल्यासारखे. मिलिग्रॅमभर घेतले तर अर्ध्या मिलिमीटरच्या कणात ८३ वॉट. तो कण घन राहूच शकत नाही, स्वतःच्या उष्णतेने वाफ होऊन जातो. रंग कोणता, चकाकी आहे का, वितळते कधी, हे प्रश्न म्हणूनच अनुत्तरित आहेत.

सातवी पायरी : मग रसायनशास्त्र कळले कसे

इथे पद्धत बदलते. पदार्थ बघायचा नाही, त्याच्या किरणोत्साराचा माग काढायचा. प्रयोगशाळेत १० लाख बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल) ॲस्टॅटिन-२११ म्हणजे किती, ते काढा : सुमारे ३,७५० कोटी अणू, वजन १३ पिकोग्रॅम. एक मिलिलिटर पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ६ × (१० चा उणे ११ वा घात) मोल. पाण्यात अब्जात एक भाग सेंद्रिय मळ असला, तरी त्याचे रेणू ॲस्टॅटिनच्या अणूंच्या दीडशेपट भरतात. म्हणून ॲस्टॅटिन कशाशी जोडले गेले हे सांगताना संशोधकांना जपून बोलावे लागते. इतक्या विरळ द्रावणात ॲस्टॅटिनच्या दोन अणूंची गाठ पडणेही दुर्मीळ. शिवाय अल्फा कणांनी पाण्याचे रेणू फुटून नवी ऑक्सिडीकारक द्रव्ये तयार होतात आणि ॲस्टॅटिनची अवस्था प्रयोग चालू असतानाच बदलू शकते.

१३ पिकोग्रॅमचा अवक्षेप गाळता येत नाही. म्हणून वाहक वापरतात. द्रावणात साधे आयोडाइड घालायचे, त्यावर सिल्व्हर नायट्रेट. सिल्व्हर आयोडाइडचा पिवळा अवक्षेप पडतो, तो गाळायचा, आणि मोजणी यंत्राखाली बघायचे की किरणोत्सार कागदावर आला की खालच्या द्रावणात राहिला. ॲस्टॅटिन ॲस्टॅटाइडच्या रूपात असेल तर ते अवक्षेपासोबत येते. पहिल्या पायरीत तुम्ही लिहिलेला अंदाज इथे जुळतो. तुमच्याच नळीतला पिवळा अवक्षेप फलकाशेजारी ठेवून हे समजावता येईल.

अशाच मागोव्यातून कळलेले गुणधर्म असे. मूळ अवस्थेतले ॲस्टॅटिन आयोडिनप्रमाणे क्लोरोफॉर्मसारख्या सेंद्रिय द्रावकात ओढले जाते. क्षपण केले की उणे एक अवस्थेतला ॲस्टॅटाइड आयन मिळतो. जोरदार ऑक्सिडीकारकाने ते आयोडेटच्या अवक्षेपासोबत येऊ लागते, म्हणजे अधिक पाच अवस्था. आयोडिन, ब्रोमिन, क्लोरिन यांच्याशी त्याची आंतरहॅलोजन संयुगे बनतात. इथपर्यंत ते आयोडिनचे शेजारी शोभते.

पण आम्लधर्मी द्रावणात ते धन आयन म्हणूनही वावरते, आणि हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर धातूंच्या सल्फाइडांबरोबर खाली बसते. हा तर पोलोनियम-बिस्मथच्या बाजूचा स्वभाव. १९४० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे डेल कॉर्सन, केनेथ मॅकेन्झी आणि एमिलियो सेग्रे यांनी बिस्मथवर अल्फा कणांचा मारा करून ते पहिल्यांदा बनवले, तेव्हाही हे धातूसारखे वागणे त्यांच्या नजरेत भरले होते. त्याच वर्षी गिनीपिगवरच्या प्रयोगात दिसले की शरीरात ते आयोडिनसारखे थायरॉइडमध्ये जमते. एकाच मूलद्रव्याचे हे दोन चेहरे. तुमच्या वहीत त्यांना दोन वेगळी पाने द्या, एका वाक्यात कोंबू नका.

त्याआधीचे दावे टिकले नाहीत. त्यांतला एक आपल्या उपखंडातला : १९३७ मध्ये ढाक्याच्या राजेंद्रलाल डे यांनी हे मूलद्रव्य सापडल्याचे सांगून त्याला ‘डाकिन’ नाव दिले होते. १९४३ च्या सुमारास व्हिएन्नात बेर्टा कार्लिक आणि ट्राउडे बेर्नर्ट यांना ते निसर्गातही सापडले.

आठवी पायरी : चिऱ्यातले ॲस्टॅटिन

निसर्गात म्हणजे कुठे? युरेनियम असेल तिथे. त्याच्या क्षयसाखळीत पोलोनियम-२१८ येते, आणि त्याच्या दहा हजार अणूंपैकी दोन ॲस्टॅटिन-२१८ होतात. भूकवचात सरासरी दहा लाख भागांत २.७ भाग युरेनियम असते. जांभ्या दगडासाठी हीच सरासरी धरून एक किलोचा हिशेब करू : २.७ मिलिग्रॅम युरेनियम, सेकंदाला सुमारे ३३ अणू फुटतात. साखळीतला रेडॉन वायू दगडातून निसटत नाही असे मानले, तर पोलोनियम-२१८ चेही तेवढेच. त्यातले दहा हजारांत दोन, म्हणजे साधारण अडीच मिनिटांत ॲस्टॅटिनचा एक अणू जन्माला येतो आणि सेकंद-दोन सेकंदांत संपतो.

घराच्या भिंतीतल्या एका चिऱ्याचे वजन करून त्याला गुणा. हा आकडा ‘अं’ आहे, कारण तुमच्या चिऱ्यातले युरेनियम मोजलेले नाही. पण दगडातल्या या अणूंची कोणतीही भीती बाळगायचे कारण नाही, हेही याच हिशेबातून दाखवता येते.

नववी पायरी : औषधाची बाजू, थोडक्यात

बनवताना बिस्मथ-२०९ वर २८-२९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचेच अल्फा कण सोडतात. अल्फा आत, दोन न्यूट्रॉन बाहेर, ॲस्टॅटिन-२११. ऊर्जा वाढवली तर तीन न्यूट्रॉन निघून ॲस्टॅटिन-२१० होते, आणि त्याचे पुढे १३८ दिवसांच्या अर्धायुकालाचे घातक पोलोनियम-२१० बनते. म्हणून सर्वांत टिकाऊ समस्थानिकच इथे नको असतो. मग तापवून ॲस्टॅटिन वाफेच्या रूपात वेगळे काढतात.

त्याचा अल्फा कण शरीरात ५० ते ९० मायक्रोमीटरच जातो, म्हणजे काही पेशींचे अंतर. कर्करोगाच्या पेशीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर ते बसवले तर आजूबाजूला इजा कमी होते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मेंदूच्या आणि स्वीडनमध्ये गोथेनबर्गला अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अशा चाचण्या झाल्या आहेत. अडचण रसायनशास्त्राचीच आहे : कार्बन आणि ॲस्टॅटिन यांचा बंध कमकुवत असतो, शरीरात तो तुटून सुटे ॲस्टॅटिन भलतीकडे जाते. त्यामुळे बोरॉनशी अधिक घट्ट बंध बांधण्याच्या दिशेने काम चालते.

फलक लावताना

गुणधर्मांचा तक्ता एकच ठेवा आणि ‘मो’, ‘ग’, ‘अं’ यांना तीन रंग द्या. लांबून बघणाऱ्यालाही दिसेल की मोजलेल्याचा रंग किती थोड्या चौकटींत आहे. द्रवणांकाचे दोन्ही आलेख शेजारी लावा. परीक्षक हमखास विचारतील की दोनपैकी खरा कोणता. ‘दोन्ही नाहीत, मोजणी झालेली नाही, आणि पदार्थ धातू निघाला तर दोन्ही रेषा लागू पडणार नाहीत’ हे उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत द्यावे, पाठ करून नव्हे.

टेबलावर तीन नळ्या ठेवा, सिल्व्हर क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइडच्या. उजेडात त्या काळवंडतात, म्हणून काळ्या कागदात गुंडाळून ठेवा आणि दाखवतानाच उघडा. चौथी नळी रिकामी ठेवून त्यावर ॲस्टॅटिनचे लेबल लावण्याचा मोह काही मुलांना होतो. तसे करू नका. त्याऐवजी तिथे सिल्व्हर आयोडाइडची दुसरी नळी ठेवा आणि खाली लिहा : ‘ॲस्टॅटाइड असते तर ते या अवक्षेपासोबत खाली आले असते.’

उरलेल्या सिल्व्हरच्या द्रावणांचा आणि अवक्षेपांचा निचरा बेसिनमध्ये करायचा नाही. एका बाटलीत जमा करून, लेबल लावून प्रयोगशाळा सहायकांकडे द्या.

वेळ उरला आणि मुलांना पुढे जायचे असेल, तर ॲस्टॅटिनच्या खालची चौकट उघडा : २०१० मध्ये बनवलेले ११७ क्रमांकाचे टेनेसिन. तोच तीन रकान्यांचा तक्ता घ्या, आयनीभवन ऊर्जेची रेषा पुढे ओढा, आणि तिथे कुठला कुठला रंग भरता येतो ते बघा.